सगळ्यात उजळ ठिपका

३ मार्च

बारके,

पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र कोणाचं ते ओळखशील आणि कदाचित न उघडताच कुठेतरी ठेवून देशील. ठेव. फाडू नकोस, एवढंच मागतो. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस. आज लिहितोय, कारण दुपारी जे पाहिलं ते दुसऱ्या कोणाला सांगावं हे मला सुचेना.

एकेचाळीस नंबरची नळी बदललेली आहे.

हे वाक्य लिहून बराच वेळ बसून राहिलो. पुन्हा वाचलं तरी ते दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखं वाटतंय.

झालं असं. संस्था नव्या इमारतीत जाणार आहे. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधली प्रत्येक नळी संगणकात चढवायची, आणि चढवण्याआधी तिच्यातल्या डीएनएची अक्षरं बाहेरच्या प्रयोगशाळेतून वाचून आणायची, असा वरून हुकूम आहे. त्यासाठी एक नवीन बाई आल्यात. मी मनातल्या मनात त्यांना यादीबाई म्हणतो. आज जेवणानंतर त्या कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"काका, एकेचाळीस तुमची ना?"

"फ्रीझरमधलं सगळंच माझं. म्हणजे मी सांभाळतो."

"मग हे बघा. ज्याच्यामुळे आजार होतो ते प्रथिन ठीक आहे. त्याला जो हिरवा दिवा जोडलाय, त्यात एक अक्षर वेगळं आहे."

मी म्हटलं, वाचणाऱ्या यंत्राची चूक असेल.

"दोनदा वाचून घेतलंय. यंत्र दोन्ही वेळा तेच खोटं बोलत नाही हो, काका. ते आपण माणसंच करतो." असं म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या नळीकडे वळल्या. त्यांच्या लेखी ती चारशेतली एक ओळ होती. बरणी धरून उभा होतो, ती खाली ठेवली आणि स्टुलावर बसलो.

पुढचं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी मला ते एकदा ओळीने लिहून बघायचंय, म्हणजे कदाचित खरं वाटेल.

तो दिवा म्हणजे एक प्रथिन. मण्यांची लांब माळ, आणि ती वळून वळून पिंपासारखी झालेली. पिंपाच्या भिंतीला अकरा पट्ट्या, आणि मधोमध, पाण्यापासून झाकून ठेवलेली ज्योत. निळा उजेड पडला की ती हिरवी झळकते. जिवंत पेशीत एखादं प्रथिन कुठे जातं ते दिसत नाही, म्हणून त्याच्या पाठीला हे पिंप बांधायचं आणि पेशी न मारता नुसतं बघत राहायचं. मी सव्वीस वर्षं हेच करतो, आणि अजून दर सकाळी यंत्राचं बटण दाबण्याआधी माझे हात आपोआप जुळतात. तू हसायचीस त्याला.

पिंपाच्या आत, ज्योतीपाशी, मणी बदलला तर रंग बदलतो किंवा दिवाच विझतो. ते लगेच कळतं. म्हणून सगळे आतल्या बदलाला भितात. आपला बदल बाहेरच्या भिंतीवर झालाय. तिथे आधी असा मणी होता की दोन पिंपं जवळ आली की एकमेकांना दूर ढकलायची. आता तिथे तेलकट मणी आलाय. पिंपाला पिंप चिकटतं. दिवा तसाच लागतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण तो ज्याच्या पाठीला बांधलाय, त्याला ओढत नेऊन गोळा करतो.

गोळा करतो, बारके. गाठी करतो.

सर पहिल्यापासून म्हणत होते की आजारी पेशीत ते प्रथिन गोळा होऊन गाठी करतं. तू त्यांची विद्यार्थिनी, आणि तुझ्या पहिल्या दोन वर्षांच्या एकाही फोटोत गाठ नव्हती. सगळीकडे सारखं हिरवं धुकं. मग तिसऱ्या वर्षी अचानक सगळ्यांनाच गाठी दिसायला लागल्या, तुलाही. आणि चौकशीत तुझे जुने फोटो बनावट ठरले, तुला काढलं.

तू बरोबर होतीस. हे लिहिण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, आणि ते सगळ्यात शेवटी लिहितोय.

अक्षर कधी बदललं, कसं बदललं, मला ठाऊक नाही.


७ मार्च

बारके,

पहिल्या पत्राची शेवटची ओळ खरी नव्हती. लिहितानाच ते मला कळत होतं. सवय वाईट असते.

तुझ्या तिसऱ्या वर्षी एकेचाळीसचा तळ दिसायला लागला होता. नवीन भरायचं म्हणजे काय, ते तू शंभरदा पाहिलंयस. उरलेला थेंब जिवाणूंत घालायचा, बशीवर पसरायचे, दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात, त्यातला एक उचलायचा, वाढवायचा आणि त्यातून नळी भरायची. निळा दिवा लावून, पिवळा चष्मा घालून बघितलं की ते ठिपकेसुद्धा जरा झळकतात. कुठलाही उचलला तरी चालतो. तसं शिकवतात. पण मी कधी कुठलाही उचलला नाही. मी सगळ्यात उजळ ठिपका उचलतो.

आपले बाबा बियाणं राखताना सगळ्यात टपोरं कणीस काढून ठेवायचे. "बी घ्यावं ते राजाचं, भिकाऱ्याचं नाही," म्हणायचे. ते माझ्या डोक्यात इतकं बसलंय की त्यावर मी कधी विचारच केला नाही. त्या बशीत एक ठिपका बाकीच्यांहून दुप्पट झळकत होता. मला आनंद झाला होता, हे आठवतंय. मी चिमटीत बशी वर धरून काच धुणाऱ्या मामांना दाखवली होती. ते म्हणाले, "वा, याला दृष्ट लागेल."

तो जास्त झळकत होता, कारण त्याची पिंपं एकमेकांना चिकटून टेकू देत असावीत. जे बिघडलेलं होतं तेच सगळ्यांत सुंदर दिसत होतं, आणि शंभर ठिपक्यांतून मी बरोब्बर तेच निवडलं. दोन दिवस मी हेच मनात घोळवतोय. शंभरातले नव्व्याण्णव चांगले होते. डोळे मिटून उचललं असतं तरी चाललं असतं.

आता एक चांगली बातमी, किंवा मला तरी चांगली वाटते. मूळ नमुना सापडला. तो आला तेव्हा पाकिटातून टिपकागदावर आला होता, आठवतं? द्रावणाचा एक थेंब कागदावर वाळवलेला, भोवती पेन्सिलने गोल काढलेला. तेव्हा अर्धाच गोल कापून वापरला होता. उरलेला अर्धा फाइलमध्ये तसाच होता, टाचणीला गंज चढलेला. काल त्यातला कोपरा कापून पाण्यात भिजवला आणि जिवाणूंत घातला. आज ठिपके आलेत. या वेळी तीन उचलले, चष्मा न घालता, आणि तिन्ही वाचायला पाठवले. पाठवल्याची पावती खिशात आहे.

यादीबाई विचारत होत्या, "काका, एवढी कसली घाई आहे?" म्हटलं, सहा वर्षं उशीर झालाय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

तू कशी आहेस ते विचारायचं धाडस होत नाही. पाण्याची तपासणी करणाऱ्या कुठल्याशा कार्यालयात आहेस, एवढंच तुझ्या वहिनीकडून कळलं होतं.


१५ मार्च

बारके,

तिन्ही ठिपक्यांतली अक्षरं मूळच्यासारखी आली. मग एकाच दिवशी पेरलेल्या पेशींच्या दोन बशा घेतल्या. डावीकडच्या बशीत सहा वर्षं सगळे वापरतात ती नळी, उजवीकडच्या बशीत टिपकागदावरची. बाकी सगळं तेच. काल सकाळी दोन्ही यंत्राखाली ठेवल्या.

डावीकडे गाठी. प्रत्येक पेशीत केंद्राशेजारी दोन-तीन हिरवे गोळे. त्यांचे फोटो तर आता जिन्यातसुद्धा लावलेत.

उजवीकडे धुकं. काठापासून काठापर्यंत सारखं, शांत. तुझे फोटो.

मी डोळा बाजूला घेतला, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. बशा अदलाबदल करून बघितल्या. वरच्या चिठ्ठ्या झाकून, पाठीमागे हात नेऊन बशा फिरवल्या, म्हणजे मलाच कळू नये कोणती कोणती, आणि मग बघितलं. गाठी, धुकं. धुकं, गाठी. जसा दिवा जोडला, तसं दिसलं. मामा काचा न्यायला आले होते. ते म्हणाले, "तुमचा चेहरा पांढरा पडलाय, काही खाल्लंय का?" मी बशा उचलून पुन्हा यंत्राखाली ठेवल्या.

आता जे लिहायचं ते इतके दिवस टाळलं. मागच्या पत्रात पावतीबद्दल लिहिलं, ते तुला खटकलं असेल, म्हणजे तू वाचलं असशील तर.

नळी नव्याने भरली की ती वापरायला देण्याआधी तिच्यातली अक्षरं बाहेरून वाचून घ्यायची, हा नियम. तेव्हा दहा दिवस लागायचे. त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती. मी सकाळ-संध्याकाळ तिकडे. नोंदवहीत मी "वाचून घेतली, बरोबर आहे" असं आधीच लिहून टाकलं, नमुना नंतर पाठवू म्हणून. याआधीही असं दोनदा-तीनदा केलं होतं आणि नंतर खरोखर पाठवलं होतं. वीस वर्षांत एकदाही अक्षर चुकलेलं आलं नव्हतं. या वेळी पाठवायचं राहिलं. राहिलं ते राहिलंच. नळी वाटली गेली.

चौकशीच्या वेळी तिघं जण टेबलामागे बसले होते. तू माझ्या डाव्या हाताला, खिडकीपाशी. मधल्या बाईंनी विचारलं, "नळी बदलली असण्याची शक्यता?"

मी म्हणालो, "नाही. मी स्वतः भरली."

"वाचून घेतली होती?"

नोंदवही समोर उघडी होती. माझं अक्षर. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी पट्टीने बोटं शेकून घडवलेलं, ठळक. मला वाटलं, लिहिलंय म्हणजे घेतलीच असेल. नाही, तेही खरं नाही. आतून माहीत होतं. बरोब्बर आठवत नव्हतं, पण माहीत होतं. मी म्हणालो, "हो. देवाला स्मरून सांगतो."

कोणी मला देवाची शपथ घ्यायला सांगितली नव्हती. ती मी आपण होऊन घेतली.

आणि वर म्हणालो, "चूक झालीच असेल तर माणसाकडून झाली असेल." माणूस म्हणजे तू.

त्यांनी मग तुला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "वही दादाची आहे. त्यात खोटं नसतं." मला तेव्हा वाटलं, तू मान्य केलंस. मग वाटलं, टोमणा मारलास. सहा वर्षं मी ह्या दोन अर्थांमध्ये झोके घेतोय.

आठ दिवस झाले, सकाळी बटण दाबण्याआधी हात जुळत नाहीत. जुळवायला गेलो तर चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.


१७ मार्च

बारके,

काल रविवार. मी हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालणं थांबलं नाही, म्हणून मला वाटलं ऐकत नाहीये.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय. मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही नळी वाचायला पाठवली नव्हती ते."

बारके, मला क्षणभर शब्दांचा अर्थच लागेना. मी विचारलं, कोणी सांगितलं. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"तिनेच. चौकशीच्या आदल्या दिवशी फोन आला होता. ती बाहेरच्या वाचनवाल्यांकडे जाऊन आली होती. त्या नंबरचा नमुना त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. मला म्हणाली, वहिनी, दादाने पाठवली नाही, पण तुम्ही बोलू नका. मी बोलले तर त्याची नोकरी जाईल, आणि आईचं औषधपाणी त्याच्या नोकरीवर चाललंय. उद्या तो आपण होऊन सांगेल. मला खात्री आहे, म्हणाली. दादा खोटं बोलत नाही."

"आणि तू मला हे सहा वर्षं..."

"तिने शपथ घातली होती. आई गेल्यावर मी तिला विचारलं, आता सांगू का? म्हणाली, आता तर नकोच. सांगून मिळालेलं मला नको. त्याला सुचू दे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला सुचायला यादीवाली यावी लागली."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

म्हणजे त्या खोलीत, खिडकीपाशी, तुला सगळं माहीत होतं. तुझ्या पर्समध्ये कदाचित त्या लोकांचा कागदसुद्धा होता. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी काय बोलतो त्याची वाट बघत. आणि मी देवाला मध्ये आणलं. मग तू म्हणालीस, त्यात खोटं नसतं.

तो टोमणा नव्हता. मान्य करणंही नव्हतं. तू मला खरं बोलायला एक शेवटची जागा करून दिली होतीस, आणि मी मान खाली घालून नोंदवही मिटली.

आई गेली तेव्हा तू आलीस, दारात उभी राहिलीस, माझ्याशी न बोलता परत गेलीस. मी वहिनीला म्हणालो होतो, एवढा कसला ताठा. ती काही बोलली नव्हती. आता कळतं, काय गिळून गप्प बसली होती.

कुंपणाने शेत खाल्लं, बारके. आणि शेताने कुंपणाला सांभाळून घेतलं, असं मी कुठे ऐकलं नव्हतं.

उद्या सरांकडे जातोय.


२२ मार्च

बारके,

सरांना मंगळवारी भेटलो. दोन बशांचे फोटो, यादीबाईंचा कागद आणि नोंदवहीचं ते पान समोर ठेवलं. सर मला अक्षरामुळे मास्तर म्हणतात, तुला माहीतच आहे.

त्यांनी फोटो बघितले. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"अक्षर बदललंय एवढं यादी करणाऱ्या बाईंना. बाकीचं मला आणि बायकोला. आणि बहिणीला पत्राने कळवलंय."

"तिचं काय म्हणणं?"

"उत्तर नाही."

"मग तिलाही नको असेल उकरायला." ते उठून खिडकीपाशी गेले. "मास्तर, असं करू. टिपकागदावरची नळी उद्यापासून वापरायला घेऊ. वर्षभरात एक छोटी दुरुस्ती छापू, नळीत बदल आढळला म्हणून. होतं असं, सगळीकडे होतं. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुमची दहा वर्षं राहिलीत नोकरीची."

"आणि तिचं नाव?"

"तिचं नाव आता कोणाच्या लक्षात आहे?"

ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत. खरंच आठवून बघून म्हणाले. ते ऐकून मला जो धक्का बसला, तो बशांनी बसला नव्हता. त्या इमारतीत तीसेक नवी माणसं आहेत. त्यांच्यातल्या कोणालाही तू माहीत नाहीस. ज्यांना माहीत आहे, त्यांना "ती फोटोवाली" एवढंच आठवतं.

शुक्रवारी सगळ्यांची बैठक असते, ज्याने त्याने आठवड्याचं काम सांगायचं. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी फक्त पडदा ओढायला आणि प्रोजेक्टर लावायला गेलोय. काल पडदा ओढला, प्रोजेक्टर लावला आणि पुढे उभा राहिलो. म्हणालो, मला पाच मिनिटं हवीत. कोणीतरी मागून म्हणालं, "काका निवृत्त होतायत की काय?" थोडे हसले.

दोन फोटो दाखवले. मग नोंदवहीतलं पान दाखवलं आणि म्हणालो, हे अक्षर माझं आहे आणि ही ओळ खोटी आहे. मी नळी वाचायला पाठवली नव्हती. चौकशीत पाठवली असं सांगितलं. जिला इथून काढलं, ती माझी सख्खी धाकटी बहीण, तिचे फोटो खरे होते. मग तुझं पूर्ण नाव घेतलं, दोनदा, म्हणजे नीट ऐकू जावं.

मला वाटलं होतं गोंधळ होईल, कोणी ओरडेल. तसं झालं नाही. सर पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

मग एक मुलगी उभी राहिली. पाचवं वर्ष आहे तिचं, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. प्रबंध गाठींवरच आहे, गाठी कशा विरघळवता येतील त्यावर. तिने हळूच विचारलं, "काका, मग माझं काय?"

तुझ्यासाठी उभा राहिलो आणि दुसऱ्या कोणाची तरी पोर पाडली. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. मला काही मोकळं वाटलेलं नाही. तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.


९ एप्रिल

बारके,

पंचवीस तारखेपासून मला घरी बसवलंय. चौकशी पुरी होईपर्यंत फाटकाच्या आत यायचं नाही. किल्ल्यांचा जुडगा यादीबाईंच्या हातात दिला. त्या रडायला लागल्या, "मी यादी केली नसती तर..." म्हटलं, बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं, यंत्र खोटं बोलत नाही. वहिनी म्हणते, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारचे घरात दिसताय, शेजारी विचारतात कोण पाहुणे आलेत.

सरांनी परवा स्वतः वर पत्र दिलं, की गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्या लेखांची तपासणी करावी आणि तुझी चौकशी पुन्हा उघडावी. मला कळवायला मामांना पाठवलं, स्वतः आले नाहीत. त्या मुलीला वर्षभराची मुदत वाढवून दिलीय. मोठी वाटतात माणसं कधी कधी, उशिरा का होईना.

आणि आज तुझं पत्र आलं.

पोस्टमनने हातात दिलं तेव्हा वहिनी म्हणाली, "उघडा, बॉम्ब नाहीये." मी दहा मिनिटं घेतली. मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. किंवा माफ केलं म्हणशील, त्याची जास्त भीती होती. तुझ्या चार ओळी मी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी त्या वाचल्यात हे तुला कळेल:

"दादा, दोन्ही बशा बघायला किती तास थांबलास? तू लिहिलेलं नाहीस. दोन दिवसांच्या आत बघितल्या असतील, तर उजवीकडे गाठी नाहीत याचा अर्थ गाठी अजून झाल्या नाहीत एवढाच होतो. माझे फोटो बहात्तर तासांचे होते. तेवढं थांबल्याशिवाय मी बरोबर होते असं कोणाला सांगू नकोस."

मी ते उभ्याउभ्याच तीनदा वाचलं आणि खाली बसलो. पाच पत्रांत मी तुला काय काय लिहिलं, आणि तू त्यातून हे एवढंच उचललंस. अख्ख्या खोलीपुढे तुझं नाव घेऊन मी शपथेवर सांगावं तसं सांगितलं, की फोटो खरे होते. सहा वर्षांपूर्वीही असंच सांगितलं होतं, पुरतं न बघता. फक्त या वेळी तुझ्या बाजूने.

एकतीस तास, बारके. एकतीस तासांनी बघितलं. मला धीर नव्हता.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. नळी बदलली होती हे खरं, मी खोटं बोललो हे खरं. दिव्यानेच गाठी केल्या की आजारानेही होतात, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. हे मी आज चौकशीवाल्यांना लेखी कळवलंय. माझं वाक्य मागे घेतलंय, तुझे शब्द तसेच खाली जोडलेत.

त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. बहात्तर तासांचा प्रयोग त्यांच्यासमोर व्हायला हवा, आणि तो तू करावास अशी त्यांची इच्छा आहे. तुला वेगळं पत्र येईल. यायचं की नाही ते तू ठरव. मी गळ घालणार नाही, घालायचा हक्कही नाही. आलीस आणि गाठी दिसल्या तर तसं लिही. मला वाईट वाटेल म्हणून एक ओळही इकडची तिकडे करू नकोस. अर्थात तू करणार नाहीसच, हे मी कोणाला सांगतोय.

बशा पेरल्यापासून तीन दिवस तुला तिथेच थांबावं लागेल. समोरचं उपाहारगृह बंद झालंय, आता तिथे गाड्या लावतात. वहिनीने आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय, बारकीला अजून तिखट चालतं का. डबा मी आणून देईन, दोन्ही वेळचा. फाटकापर्यंत यायला मला बंदी नाही.